निरोधक पेशींना ढकललं आणि त्याच मंदावल्या: ब्रायन सिम्युलेटर तीन महिने वापरून

तीस वर्षं प्रोसेस कंट्रोलमध्ये काढली. बॉयलर, कंट्रोल व्हॉल्व्ह, पॅनेल, आणि रात्री अडीचला येणारा फोन: "साहेब, लूप हंट करतोय." लूप म्हणजे मोजायचं, त्यावरून व्हॉल्व्ह हलवायचा, परत मोजायचं; आणि हंट करणं म्हणजे त्याने स्थिर न होता वरखाली हेलकावत राहणं. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, चला, लूपशी संबंध संपला. मग पुतणीने घोळ घातला. ती मेंदूवर संशोधन करते. बोलता बोलता मी तिला म्हणालो, मेंदूत काही पेशी पेटवणाऱ्या आणि काही विझवणाऱ्या, म्हणजे एक ॲक्सिलरेटर आणि एक ब्रेक, एवढंच ना? ती हसली. "काका, तुम्ही आयुष्यभर निगेटिव्ह फीडबॅक लावलात आणि त्याला ब्रेक म्हणता? ब्रायन उतरवून घ्या आणि स्वतः चालवून बघा."

निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे परिणाम बघून उलट्या दिशेने दुरुस्ती करत राहणं. तीन महिने झाले. हा त्याच ब्रायनचा रिव्ह्यू आहे. मी प्रोग्रामर नाही, जीवशास्त्र शाळेत सुटलं ते सुटलंच. तेव्हा ज्यांना मेंदूचं कुतूहल आहे, थोडं गणित झेपतं आणि पायथॉनची तोंडओळख आहे, अशांसाठी लिहितोय.

ब्रायन म्हणजे चेतापेशींची जाळी संगणकावर चालवून बघायचं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर. ब्रेनच्या इंग्रजी स्पेलिंगमधली शेजारची दोन अक्षरं उलटी केली की ब्रायन होतं. माझ्याकडून टाइप करताना आजही दोन्ही बाजूंनी चूक होते. ते बनवणाऱ्या डॅन गुडमन आणि रोमँ ब्रेत यांचा त्यावरचा शोधनिबंध २००८ चा. आता वापरात आहे ती दुसरी आवृत्ती, आणि तिच्यावरचा लेख मार्सेल स्टिम्बर्ग यांनी या दोघांसह २०१९ मध्ये लिहिला.

उघडल्यावर खिडकी येत नाही, बटणं येत नाहीत. पायथॉनमध्ये ओळी लिहायच्या. हे वाचून निम्मे लोक इथेच परततील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण ज्या पद्धतीने लिहायचं असतं ती बघून मी पहिल्याच दिवशी खूश झालो. पेशीचं समीकरण वहीत लिहितो तसंच अवतरणचिन्हांत टाकायचं: व्होल्टेज किती वेगाने बदलतो, बरोबर अमुक भागिले टाइम कॉन्स्टंट (बदल किती सावकाश होतो ते सांगणारा आकडा). ओळीच्या शेवटी विसर्गासारखे दोन ठिपके देऊन एकक लिहायचं, व्होल्ट. झालं. आत ते सोडवायचं कसं, वेळेची स्टेप केवढी, हे त्याचं ते बघतं. न सांगितल्यास स्टेप ०.१ मिलीसेकंदाची असते.

एककांच्या बाबतीत मात्र हा प्राणी कडक आहे. मी सिनॅप्सचं, म्हणजे दोन पेशींमधल्या जोडणीचं, वजन नुसतं १.६२ लिहिलं, मिलिव्होल्ट लिहायचा राहिला. चालवायला गेलो तर लाल अक्षरांत नकार: एककं जुळत नाहीत. आमच्याकडे एका नवशिक्याने दाब मोजणाऱ्या ट्रान्समीटरची रेंज बारऐवजी पीएसआयमध्ये भरली होती आणि अर्धा दिवस सगळे पंपाला शिव्या घालत होते. त्या दिवशी असं खडसावणारं कोणी असतं तर! ज्यांनी हे एककांचं बंधन घातलं त्यांना माझा मनापासून नमस्कार.

सोबत तयार उदाहरणं मिळतात. पुतणीने त्यातलं एकच उघडायला सांगितलं, आणि माझा पहिला महिना त्या एकावरच गेला. पानभरसुद्धा नाही. ४,००० पेशी. त्यातल्या ३,२०० उत्तेजक, म्हणजे पेटवणाऱ्या, आणि ८०० निरोधक, म्हणजे विझवणाऱ्या. ही चारास एक वाटणी मनाने घेतलेली नाही, कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, निरोधक पेशी साधारण पाचात एक किंवा त्याहून थोड्या कमीच असतात. कोण कोणाला जोडलं जाणार हे फाशांवर सोडलंय: कुठल्याही दोन पेशींमध्ये जोडणी असण्याची शक्यता शंभरात दोन. म्हणजे प्रत्येक पेशीकडे सरासरी ६४ उत्तेजक तारा येतात आणि १६ निरोधक. उत्तेजक तारेचा एक धक्का १.६२ मिलिव्होल्टचा, निरोधक तारेचा उणे ९ चा. उत्तेजक धक्का ५ मिलीसेकंदांत ओसरतो, निरोधक १० मध्ये. पेशीचा व्होल्टेज उणे ५० च्या उंबरठ्याला टेकला की स्पाइक, म्हणजे क्षणभराचा विद्युत ठोका, मग उणे ६० वर परत, आणि ५ मिलीसेकंद सक्तीची विश्रांती.

आकडेमोडीची खोड जात नाही, म्हणून आधी कागदावर हिशेब केला. समजा सगळ्या पेशी एकाच वेगाने स्पाइक देतायत. ६४ गुणिले १.६२ गुणिले ५, हा उत्तेजनाचा वाटा. १६ गुणिले ९ गुणिले १०, हा निरोधाचा. पहिला ५१८, दुसरा १,४४०. संख्येने चौथा हिस्सा असलेली मंडळी वजनात पावणेतीन पट! आणि तरीही जाळं मरत नाही, चालू राहतं.

मग दोन्ही वजनं शून्य करून चालवलं. या उदाहरणात पेशीचा विसाव्याचा व्होल्टेज उंबरठ्याच्या एक मिलिव्होल्ट वर, उणे ४९ ठेवलाय. त्यामुळे एकटी पेशीसुद्धा घड्याळासारखी टिकटिकते, सेकंदाला साधारण १९ वेळा. ठिपक्यांच्या आलेखात (एक ठिपका म्हणजे एक स्पाइक) आडव्या ओळींत समान अंतरावर ठिपके. कंटाळवाणं. पुढे फक्त उत्तेजक वजन परत दिलं आणि निरोध शून्यच ठेवला. पडदा काळा झाला. प्रत्येक पेशी सेकंदाला शंभराहून जास्त वेळा धडधडतेय आणि त्या पाच मिलीसेकंदांच्या सक्तीच्या विश्रांतीमुळेच काय ती थोडीफार अडतेय. आमच्या भाषेत सॅच्युरेशन, व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडा. या अवस्थेत कोणी डोळ्यासमोर काय धरलं, कानात काय वाजवलं, याने काही फरक पडणार नाही. सगळेच ओरडतायत, तेव्हा कोणाचंच ऐकू येत नाही.

शेवटी निरोध परत दिला. पडदा मोकळा झाला आणि ठिपके इकडेतिकडे विखुरले, पहिला शिंतोडा पाऊस अंगणात पडावा तसे. प्रत्येक पेशीचा वेग तिच्या एकटीच्या १९ पेक्षाही खाली, आणि दोन ठिपक्यांमधल्या अंतराला काही ताळतंत्र नाही. मी एका पेशीचा व्होल्टेज काढून बघितला. उंबरठ्याच्या खाली सतत हेलकावतोय, दोन्हीकडून ओढाताण चाललीय, आणि अधूनमधून एखादा हेलकावा जरा उंच गेला की स्पाइक. जाळ्यात मी कुठेही नॉइज घातलेला नव्हता. सगळी अनियमितता त्या ओढाताणीतूनच येतेय. व्हॅन व्रीसवेक आणि सोम्पोलिन्स्की यांनी १९९६ मध्ये हाच समतोल गणिताने मांडला होता, हे मला नंतर कळलं. मी मात्र तोवर अर्धा तास त्या ट्रेंडकडे, म्हणजे वेळेनुसार काढलेल्या रेघेकडे, बघत बसलो होतो, बॉयलर स्थिर झाल्यावर बघायचो तसा.

इथे माझी एक फजिती. सगळ्याच पेशींचे व्होल्टेज बघू म्हणून मी ४,००० च्या ४,००० पेशींवर मॉनिटर लावला, आणि व्होल्टेजसोबत दोन्ही प्रकारचे धक्केही नोंदवायला सांगितले. सेकंदाला १०,००० नोंदी, गुणिले ४,००० पेशी, गुणिले आठ बाइट, एका राशीला ३२० मेगाबाइट. तीन राशी. आणि मी चालवलं दहा सेकंदांसाठी. जुना लॅपटॉप गोठला, तो बटण दाबून बंद करावा लागला. दोष सर्वस्वी माझा. चार पेशी नोंदवा, काम भागतं.

निरोधाशिवाय काय होतं हे लोकांनी खऱ्या मेंदूतही फार आधी बघितलंय. मांजराच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या पेशी विशिष्ट कलाच्या रेघेलाच प्रतिसाद देतात, हे ह्यूबेल आणि वीझल यांचं काम, ज्याला १९८१ चं नोबेल मिळालं. सिलिटो यांनी १९७५ मध्ये त्याच भागात बायकुक्युलिन नावाचं रसायन सोडलं, जे गाबाचं काम रोखतं. गाबा म्हणजे निरोधक पेशी जे रसायन सोडतात ते. रेघ कुठल्या कलाची आहे याबाबतची त्या पेशींची निवड ढिली पडली, काहींची तर गेलीच. म्हणजे निरोध नुसता आवाज कमी करत नाही, कशाला होकार द्यायचा तेही ठरवतो.

पण कसं? इथे मी अडकलो, आणि ब्रायनने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या अडकण्यात. आधी कागदावरचं उदाहरण देतो. समजा एका पेशीला आवडीच्या कलाला १० एवढं उत्तेजन मिळतं, ३० अंश सरकलं की ६, ६० ला ३, ९० ला २. आता निरोधाने सगळीकडून ३ वजा केले. उरले ७, ३, ० आणि ०, कारण स्पाइक उणे नसतात. शिखर थोडं उतरलं, पण दोन्ही कडा पाण्याखाली गेल्या. पेशी जास्त चोखंदळ झाली. त्याऐवजी निरोधाने सगळ्याला २ ने भागलं असतं तर ५, ३, दीड आणि १. चढउताराचा आकार तोच, आवाज निम्मा. पहिलं काम झिरो ॲडजस्टमेंटचं, दुसरं स्पॅन ॲडजस्टमेंटचं. ट्रान्समीटर कॅलिब्रेट केलेल्या माणसाला यापुढे समजावून सांगायला नको.

मग कॉर्टेक्समधल्या निरोधक पेशी वजाबाकी करतात की भागाकार? २०१२ मध्ये तीन गटांनी उंदरांच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये प्रकाशाने निरोधक पेशी चाळवून हेच तपासलं, आणि तिघांची उत्तरं जुळली नाहीत. एकाच्या मते पीव्ही नावाच्या जातीच्या निरोधक पेशींमुळे निवड टोकदार होते, दुसऱ्याच्या मते पीव्ही भागाकार करतात आणि सोमॅटोस्टॅटिनवाल्या, म्हणजे दुसऱ्या एका जातीच्या, वजाबाकी, तिसऱ्याच्या मते पीव्हींमुळे कलाची निवड फारशी बदलत नाही, प्रतिसादाची पातळी तेवढी खालीवर होते. पुतणीला विचारलं, खरं कोणाचं? ती म्हणाली, "तुम्ही ब्रायनमध्ये उंबरठा थोडा वर-खाली करून बघा, मग मला विचारा." केलं. एकाच जाळ्यात, त्याच निरोधक पेशींनी, केवळ उंबरठा आणि निरोधाचा जोर बदलल्यावर कधी वजाबाकीसारखं चित्र आलं, कधी भागाकाराच्या जवळचं. पेशीच्या जातीवरून गणिताची क्रिया ठरवून टाकायची घाई करू नये, एवढं मला पटलं.

जाती म्हटल्या तर त्या सांगायला हव्यात, कारण 'निरोधक पेशी' हा एक शब्द फार जणांना एका पंगतीला बसवतो. पीव्ही, म्हणजे ज्यांच्यात पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असतं त्या, पेशीच्या धडाला वेटोळं घालून बसतात. स्पाइक जिथून निघतो त्याच्या अगदी दारात. त्या जलद असतात. सोमॅटोस्टॅटिनवाल्या पेशींपैकी मार्टिनोटी नावाच्या वरच्या थरापर्यंत जाऊन इतर पेशींच्या फांद्यांच्या टोकांवर बसतात, म्हणजे पाणी टाकीत यायच्या आधीच नळी चिमटायची. आणि तिसऱ्या व्हीआयपी. हे नाव एका पेप्टाइडचं संक्षिप्त रूप आहे, पण वागणं खऱ्या व्हीआयपींचंच: त्या प्रामुख्याने सोमॅटोस्टॅटिनवाल्यांना गप्प करतात. दाबणाऱ्याला दाबलं की खालचा मोकळा होतो. उंदीर धावायला लागला की दृष्टी-कॉर्टेक्समधल्या व्हीआयपी पेशी जाग्या होतात आणि तिथला दृष्टीचा प्रतिसाद वाढतो, हे गेल्या दशकातल्या प्रयोगांत दिसलंय. कंट्रोलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कॅस्केड लूप, म्हणजे एका लूपने दुसऱ्याला चालवायचं.

ब्रायनची पहिली मोठी मर्यादा इथेच लक्षात येते. त्या उदाहरणातली पेशी म्हणजे एक बिंदू. तिला धड नाही, फांद्या नाहीत. दारात बसणं आणि फांदीच्या टोकावर बसणं यात बिंदूला काय फरक? फांद्यांसकट पेशी उभी करायची सोय ब्रायनमध्ये आहे, मी एक पेशी केलीही. तारेवरून धक्का येता येता कसा विरतो ते छान दिसतं. पण तशा हजारो पेशींचं जाळं विणायचं असेल तर ब्रायनच्या वाटेला मी जाणार नाही. त्यासाठी न्यूरॉन नावाचंच एक जुनं, मुरलेलं सॉफ्टवेअर आहे. आणि अतिप्रचंड बिंदुजाळी चालवायची तर नेस्ट आहे. ही दोन्ही मी वरवरच बघितली, त्यामुळे तुलनेत शिरत नाही.

वेळेचा प्रयोग मात्र ब्रायनमध्ये दहा मिनिटांत झाला. जोडणीला विलंब देता येतो, एका शब्दाचं काम. वेर आणि झेडर यांनी २००३ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्याच्या श्रवण-कॉर्टेक्समध्ये मोजलं होतं की आवाज आल्यावर पेशीला उत्तेजन मिळतं आणि त्याच सुरांसाठीचा निरोध काही मिलीसेकंद मागून येतो. म्हणजे दार उघडतं आणि लगेच लोटलं जातं, त्या फटीतून एखाददुसरा स्पाइक सटकतो. मी एक उत्तेजक तार थेट दिली आणि दुसरी निरोधक पेशीमार्गे ३ मिलीसेकंद उशिरा. इनपुट जरा विस्कळीत ठेवलं. निरोध असताना स्पाइक जवळजवळ एकाच क्षणी येत होता. निरोध काढला तर तोच स्पाइक पसरला, कधी दोन, कधी तीन. आवाज कुठल्या क्षणी सुरू झाला हे मेंदूला कळतं, त्यात या मागून येणाऱ्या निरोधाचा हात आहे. उशिरा येणारा माणूसही कामाचा असतो, बसतो कुठे यावर अवलंबून.

विलंब आणि वजन दोन्ही बरंच वाढवलं की जाळं हंट करायला लागतं. विखुरलेले ठिपके उभ्या पट्ट्यांत गोळा होतात. हे बघून मी चपापलो, ही तर बिघाडाची खूण! पण मेंदूत हा प्रकार नेहमीचा आहे. २००९ मध्ये उंदराच्या मिशांच्या कॉर्टेक्समधल्या जलद निरोधक पेशी प्रकाशाने सेकंदाला ४० वेळा चाळवल्या, तेव्हा गॅमा नावाच्या लहरी बळावल्या. माझ्या नोकरीत ज्यासाठी मेमो मिळाला असता, ते मेंदू कदाचित मुद्दाम करतो.

आता ज्यासाठी शीर्षक दिलंय ते.

पुतणीने एक कोडं घातलं. "काका, निरोधक पेशींना बाहेरून थोडा जास्त करंट दिला तर त्यांचा वेग वाढेल की कमी होईल?" मी म्हटलं, वाढेल, यात कोडं काय? ती म्हणाली, "दोन समीकरणं लिहा." ब्रायनला पेशीच हव्यात असं काही नाही, कुठलंही डिफरन्शियल समीकरण चालतं. तर एक राशी उत्तेजक गटाचा वेग, दुसरी निरोधक गटाचा. उत्तेजक गट स्वतःला २ पट परत देतो, निरोधकाकडून २ पट मार खातो, आणि बाहेरून १० घेतो. निरोधक गट उत्तेजकाकडून २ पट घेतो आणि स्वतःला १ पट दाबतो. उत्तेजकाचा टाइम कॉन्स्टंट २० मिलीसेकंद, निरोधकाचा १०.

स्थिर झाल्यावर दोघेही १० वर. कागदावर पडताळा: २० वजा २० अधिक १०, बरोबर १०. दुसऱ्याचं २० वजा १०, बरोबर १०. आता निरोधक गटाला बाहेरून २ जादा दिले. ट्रेंड काढला. निरोधक रेघ आधी वर गेली, अपेक्षेप्रमाणे, सातेक मिलीसेकंदांत १०.६ च्या वर. मी पुतणीला फोन लावायला हात पुढे केला. तेवढ्यात पडद्याचा उरलेला भाग बघितला. रेघ वळली, विसाव्या मिलीसेकंदाच्या आसपास परत १० वर आली, आणि खाली जाऊन ९ वर बसली. उत्तेजक ८ वर. ज्यांना ढकललं त्यांचाच वेग आधीपेक्षा कमी!

माझा पहिला संशय: चिन्ह चुकलं. दुसरा: ब्रायनमध्ये बग आहे. दोन्ही खोटे. कागदावर मांडलं, १६ वजा १८ अधिक १०, बरोबर ८. १६ वजा ९ अधिक २, बरोबर ९. तंतोतंत.

मग स्वतःला परत देण्याचा उत्तेजकाचा गुणांक २ वरून ०.५ वर आणला. सुरुवात दोघांची ४ वर. निरोधकाला तेच २ जादा दिले, तर उत्तेजक ३.२ आणि निरोधक ४.२. म्हणजे इथे शहाण्यासारखं वागतंय. फरक एवढाच की पहिल्या जाळ्यात उत्तेजक गट एकटा सोडला तर उधळतो, कारण तो घेतो त्याच्या दुप्पट स्वतःलाच परत देतो, आणि निरोधानेच त्याला धरून ठेवलंय. दुसऱ्यात तो आपणहून स्थिर आहे. उधळणाऱ्याला धरून ठेवलेलं असताना निरोध वाढवला की उत्तेजक इतका उतरतो की निरोधकांना त्याच्याकडून मिळणारा खुराकच आटतो, आणि तो तोटा बाहेरून दिलेल्या दोनापेक्षा मोठा ठरतो.

आधी वर, मग खाली, ही रेघ मी कुठे बघितली होती? बॉयलरच्या ड्रममध्ये! फीडवॉटर वाढवलं की पातळी वाढायला हवी. पण गार पाणी आत गेल्याने वाफेचे बुडबुडे आकसतात आणि पातळी आधी खाली जाते, मग वर येते. नवा ऑपरेटर हमखास फसतो, घाबरून आणखी पाणी सोडतो. मी किती जणांना ओरडलो असेन. आणि इथे मीच फोन उचलायला निघालो होतो, सातव्या मिलीसेकंदाला.

हा विरोधाभास त्सोदिक्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कागदावर सांगितला होता. २००९ मध्ये ओझेकी आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये त्याची खूण शोधली. पेशीला ज्या जागेतलं दिसतं त्याच्या भोवतीही चित्र पसरलं की पेशी मंदावते. सरळ विचार म्हणतो, तिच्यावरचा निरोध वाढला असणार. मोजलं तर स्थिरावल्यावर उत्तेजन आणि निरोध दोन्ही कमी झालेले. २०२० मध्ये उंदरांच्या कॉर्टेक्सच्या अनेक भागांत निरोधक पेशी प्रकाशाने चाळवून हेच उलटं वागणं दाखवलं गेलं. म्हणजे संवेदना घेणारं आपलं कॉर्टेक्स हे कायम उधळायच्या बेतात असलेलं आणि निरोधाने सतत धरलेलं यंत्र आहे. एवढा गेन, म्हणजे वाढवायची पट, ठेवायचा आणि लूप लावून तो आवाक्यात ठेवायचा. कुठलाही चांगला ॲम्प्लिफायर असाच बांधतात.

माझी ब्रेकची उपमा इथे मेली. ब्रेक जास्त दाबला तर ब्रेकवरचं पायाचं वजन कमी होत नाही.

थोडं कुरकुरणंही करतो. ब्रायन पहिल्यांदा चालवताना ते आतल्या आत कोड लिहून कंपाइल करतं, त्यामुळे पहिली धाव रेंगाळते आणि वाटतं अडकलं की काय. दुसऱ्यांदा पटकन होतं. संगणकावर कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत नेणारं साधन) नसेल तरी चालतं, पण मग बैलगाडी. कंपायलर बसवताना माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली, आणि तीही शेवटी पुतणीने स्क्रीन शेअर करून सोडवली. मदतीची पानं चांगली आहेत, पण ती ज्याला पेशी म्हणजे काय हे माहीत आहे त्याच्यासाठी लिहिली आहेत. चुकांचे संदेश लांबलचक येतात, खरं कारण बहुधा तळाशी असतं. खालून वर वाचायची सवय लावा. आलेख स्वतः काढावे लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे तुम्हाला मेंदू दाखवत नाही. तुम्ही लिहिलेलं समीकरण दाखवतं. ठिपके कॉर्टेक्ससारखे दिसले म्हणजे कॉर्टेक्स झालं नाही. माझ्या जाळ्यात पीव्ही, सोमॅटोस्टॅटिन, व्हीआयपी असा भेदच नव्हता, आणि तरी ते 'खरं' दिसत होतं. हा धोका मोठा आहे.

कोणाला सुचवू? पदवीच्या विद्यार्थ्यांना, डोळे झाकून. कंट्रोल किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना, जरूर, त्यांना घरी आल्यासारखं वाटेल. ज्यांना रंगीत हलणारी चित्रं बघून मेंदू समजून घ्यायचाय, त्यांना नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या कंपायलरच्या संध्याकाळीसाठी.

सध्या व्हीआयपीची कॅस्केड लावतोय. चार गट, उत्तेजक आणि तीन निरोधक. व्हीआयपींना धक्का दिला की सोमॅटोस्टॅटिनवाले उतरावेत आणि उत्तेजक चढावेत, अशी अपेक्षा. काल रात्री चालवलं तर उत्तेजकांपाठोपाठ सोमॅटोस्टॅटिनवालेही वर गेले. पुतणीला ट्रेंडचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, चिन्ह तपासलंय. तिचं उत्तर आलं: "काका, पहिल्या किती मिलीसेकंदांचा आहे हा?" संपूर्ण अर्ध्या सेकंदाचा आहे. या वेळी मी शेवटपर्यंत बघून मगच पाठवला होता.